डाव्या हाताची तीन बोटं

१

खुणा तीनच बोटांवर होत्या. अंगठ्याशेजारचं बोट, मधलं आणि अनामिका. करंगळी स्वच्छ होती, अंगठाही. बोटांच्या पाठीवर फोड येऊन गेले होते आणि ते सुकल्यावर तिथली कातडी काळपट जांभळी पडली होती. मधल्या बोटात चांदीचं बारीक वळं होतं. डॉ. सौदामिनींनी ते हलकेच वर सरकवलं, तर खालची कातडी मूळच्या गव्हाळ रंगाची निघाली, एखादी रेघ आखावी तशी. आणि हात डावा होता.

"लिहितेस कुठल्या हातानं?" त्यांनी विचारलं.

"उजव्या," उर्वी म्हणाली.

बाकी सगळ्या प्रश्नांना तिचं उत्तर एकच होतं, माहीत नाही. काय लागलं, कधी लागलं, कुणी दिलं, माहीत नाही. हे म्हणताना ती फरशीकडे बघत होती. खुर्चीत तिच्या शेजारी तिचे वडील नरसिंगराव बसले होते. देवणीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक. लेकीला बारावीसाठी त्यांनी लातूरला ठेवलं होतं, कारण हुशार पोर लातूरला पाठवायचं असतं हे त्या वर्षांत देवणीपासून किनवटपर्यंत सगळ्यांना पटलेलं होतं. भूकंपानं ज्या गावाचं नाव देशभर नेलं, तेच नाव आता गुणवत्ता यादी घेऊन फिरत होती. जानेवारी संपत आला होता, परीक्षा तोंडावर होती आणि मुलीचा हात हा असा.

उर्वीला बाहेर बसवल्यावर प्राचार्य मार्तंडरावांनी दार लोटून घेतलं. सौदामिनीबाईंना नांदेडहून बोलावलं होतं ते त्यांनीच. नांदेडच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती, चौकशीला त्यांच्यासारखं माणूस हवं, असं पत्रात लिहिलं होतं. न लिहिलेलं कारण आता तोंडी कळलं.

कातडीचे डॉक्टर म्हणाले होते की हे रसायनानं भाजलंय. त्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून एका अर्काची बाटली नाहीशी झाली होती. ज्या कपाटात ती होती त्याच्या किल्ल्या दोघांकडे. एक संशोधन करणारे प्राध्यापक अंबरीश यांच्याकडे, दुसरी त्यांची विद्यार्थिनी बुद्धप्रिया धुतराज हिच्याकडे. आणि ही बुद्धप्रिया दर रविवारी उर्वीच्या वसतिगृहात मुलींना जीवशास्त्र शिकवायला जात होती.

"आपलं न तपासलेलं औषध तिनं माझ्या लेकीवर लावून बघितलं," नरसिंगराव म्हणाले. आवाज त्यांनी चढवला नाही. "उंदीर मिळाला नसेल."

बुद्धप्रियाला सोमवारपर्यंतची मुदत होती. तोवर खुलासा दिला नाही तर तिची पीएच.डी.ची नोंदणी रद्द करायची, असं ठरल्यातच जमा होतं. ती गुन्हा कबूल करत नव्हती आणि खुलासाही देत नव्हती.

नरसिंगराव गेल्यावर मार्तंडराव खुर्चीत जरा सैलावले. म्हणाले, वसतिगृह तुमच्या धाकट्या बहिणीचं, प्राध्यापक तुमचे मेहुणे. तुम्ही घरच्याच. बाहेर बोभाटा न होता मिटलं तर सगळ्यांचंच बरं.

सौदामिनीबाईंना हे ऐकताना कान तापल्यासारखे वाटले. तिथंच नाही म्हणून उठायला हवं होतं. त्या उठल्या नाहीत. धाकट्या बहिणीला, राजश्रीला, त्यांनी आईमागं वाढवलं होतं, तिच्या दारात पोलीस किंवा पेपरवाले येऊ नयेत एवढीच त्या घटकेला त्यांची इच्छा होती. आणि शिवाय ते वळं डोक्यातून जात नव्हतं. सांडलेलं रसायन वळ्याखाली शिरतं, साचून राहतं. सगळ्यात जास्त भाजायला हवं ते तिथंच. तिथं तर डागही नव्हता.

वळ्याखाली एकच गोष्ट पोचत नाही. उजेड.

२

प्रयोगशाळेच्या भिंतीतली भूकंपाची भेग नंतर बुजवून रंगवली होती, तरी रंगाखाली ती दिसायचीच. कपाटही तेव्हापासून वाकडं झालेलं. ते गुडघ्यानं रेटून धरल्याशिवाय कुलूप निघत नाही, असं शिपाई मारोतीनं सांगितलं.

मारोतीच्या मानेवर पैशाएवढा पांढरा डाग होता. तो बघून सौदामिनीबाई थबकल्या, कारण हरवलेला अर्क बावचीच्या बियांचा होता आणि कोडाला बावची लावतात हे कुठल्याही आठवडी बाजारात कळतं. मारोतीला त्यांची नजर कळली.

"माझ्यावर नका घालू, मॅडम," तो म्हणाला. "म्या ती बावची तरनेपनीच लावून बसलो. वैद्यानं सांगितलं, लाव आन् उन्हात बस. बसलो. असं फोड आलं मानंला, आठ दिस उशीवर डोकं टेकलं न्हाई. बायको म्हनली, डाग बरा हुता, ही होळी कशाला पेटवली. तवापासून त्या बाटलीला मी लांबून रामराम करतो."

इथं कोण कोण येतं, असं विचारल्यावर त्यानं बोटांवर मोजलं. सर, धुतराज मॅडम, पोरं. बाकी परकं कोणी न्हाई. वहिनी सरांचा डबा घेऊन येतात, पण त्यांचं काय इचारता, त्या घरच्याच.

'घरच्याच' हा शब्द सौदामिनीबाईंनी त्या दिवसात दुसऱ्यांदा ऐकला.

बुद्धप्रिया खिडकीशी उभी होती. सडपातळ, तिशीच्या आतली, पांढऱ्या कोटाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. तिनं न सांगता दोन काचेच्या बशा पुढं ठेवल्या. दोन्हींत यीस्टची, म्हणजे कँडिडाची, दुधी साय धरली होती. तोंड येतं, अंगाच्या ओल्या घडीत खाज सुटते, ते याच बुरशीमुळं. दोन्ही बशांत मधोमध बावचीच्या अर्कात भिजवलेली कागदाची टिकली होती. एक बशी काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेली, दुसरी उन्हात. उन्हातल्या टिकलीभोवती स्वच्छ कडं पडलं होतं, तिथली बुरशी मेली होती. काळ्या कागदातल्या बशीत साय टिकलीच्या कडेपर्यंत जशीच्या तशी.

"अंधारात हा अर्क काहीच करत नाही," बुद्धप्रिया म्हणाली. "उजेड लागला की जागा होतो. मग समोर बुरशी असो, नाहीतर माणसाची कातडी."

तिच्या बोलण्यात उगाच लाघव नव्हतं. बाटली नाहीशी झाल्याचं सर्वांत आधी तिनंच अंबरीश सरांना सांगितलं होतं. त्यांनी बोभाटा करू नकोस म्हणून दटावलं होतं. सौदामिनीबाईंनी उर्वीच्या बोटांचं वर्णन केलं. ते ऐकताना ती चकित झाली नाही. उन्हातली बशी तिनं पुन्हा कागदात गुंडाळली.

"कोणी नेली तुला ठाऊक आहे?"

"नाही, मॅडम."

"ठाऊक असतं तर सांगितलं असतंस?"

तिनं दोन्ही बशा सरळ रेषेत लावल्या. मग म्हणाली, "त्या पोरींचा काय त्रास आहे, हे त्यांनी मला विश्वासानं सांगितलंय. ते उघडं पडल्याशिवाय मला सुटता येत नसेल, तर नको."

पोरींचा, ती म्हणाली होती. एका पोरीचा नाही.

३

राजश्रीचं वसतिगृह म्हणजे तिचंच घर होतं, मागं आणि बाजूला खोल्या वाढवत नेलेलं. भूकंपानंतर वर मजले चढवायची कुणाची छाती नव्हती, म्हणून सगळं बैठं. वर फक्त गच्ची. गच्चीसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडं मुलांच्या शिकवणीचे वर्ग, पहाटेपासून सायकलींनी वेढलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आली म्हणून राजश्री हरखली. थालीपीठ लावते म्हणाली, अंबरीशच्या तक्रारी केल्या, मग त्या धुतराजच्या पोरीबद्दल हळहळली. हुशार होती बिचारी, पण कुठं थांबायचं ते कळायला हवं. सौदामिनीबाईंनी थालीपीठ खाल्लं आणि मुलींशी एकेकीला बोलते म्हणाल्या.

दारात स्वयंपाकीण उमाबाई लसूण सोलत बसली होती. तिचं गाव भूकंपात गेलं, तेव्हापासून ती छपराखाली झोपत नसे. भर थंडीतही तिची बाज अंगणात, फाटकाला आडवी. रात्री कोणी बाहेरचं आत आलं का, असं विचारल्यावर ती फिस्सकन हसली. "माझ्या अंगावरून वलांडून यावं लागतंय, माय. मांजर सुदिक इचारून येती."

बुद्धप्रिया यायची ती रविवारी, दिवसाउजेडी, आणि शिकवायची ती अंगणात, सगळ्यांच्या देखत. हातात पुस्तक आणि खडू. दुसरं काही आणल्याचं उमाबाईला आठवत नव्हतं.

मुली एकेक करून आल्या. निलंग्याच्या, चाकूरच्या, एक पार देगलूरची. डोळे तारवटलेले, केसांना दोन दिवस फणी नाही, तोंडात सूत्रं. प्रश्नांची उत्तरं उर्वीसारखीच. माहीत नाही, मॅडम.

पण पाच जणींच्या डाव्या हातावर मेंदी होती.

सौदामिनीबाईंना आधी त्यात काही वावगं वाटलं नाही. मेंदी आपली आपण काढायची तर ती डाव्याच हातावर निघते. मग त्यांना दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे दिवस. सण नाही, लग्नसराई नाही, जिथं आंघोळीला वेळ नाही तिथं मेंदी वाळवत बसायला कुणाला सवड? आणि दुसरी, ती जागा. मेंदी तळहातावर काढतात. या पोरींचे तळहात कोरे होते. थापली होती ती बोटांच्या पाठीवर, तीन-तीन बोटांच्या, नक्षी न काढता, गच्च.

देगलूरच्या मुलीचा हात त्यांनी हातात घेतला. मेंदीच्या तांबूस रंगाखाली एक जुना, काळपट जांभळा रंग होता.

तिनं हात सोडवून घेतला नाही. फक्त डोळे मिटले.

४

उर्वीच्या खोलीत चार खाटा होत्या आणि वास होता. बंद खोलीत कपडे वाळतात तसा, कोंदट, आंबूस. रस्त्याकडची खिडकी खिळा ठोकून बंद केलेली. भिंतीपासून भिंतीपर्यंत सुतळीवर पाच-सहा टॉवेल नि ओढण्या पसरलेल्या. सौदामिनीबाईंनी एका टॉवेलाचं टोक उचललं. त्याखाली आतले कपडे होते, ओले. दुसरा उचलला. त्याखालीही. कालचे असावेत, परवाचेही.

"गच्चीवर का नाही वाळत घालत?"

"काकूंनी मना केलंय," उर्वी म्हणाली. काकू म्हणजे राजश्री. "समोरची मुलं बघतात. शिट्ट्या मारतात. काकू म्हणाल्या, असले कपडे गच्चीवर दिसले तर वसतिगृहाचं नाव जाईल. आत वाळवा, टॉवेलाखाली."

"वाळतात?"

"थंडीत नाही वाळत. तसेच घालतो."

सौदामिनीबाई खाटेवर बसल्या. बुरशीला काय लागतं हे त्यांनी किती वर्गांना शिकवलं असेल. ऊब, ओल, अंधार. आणि नांदेडच्या त्यांच्या स्वतःच्या घरी, मागच्या दांडीवर, काल निघायच्या आधीसुद्धा त्यांनी स्वतःचे तसले कपडे टॉवेलाखालीच घातले होते. कोणी मना केलं नव्हतं. त्यांना दुसरं सुचलंच नव्हतं.

डाव्या हाताचं कोडं त्या क्षणी सुटलं. ते इतकं साधं होतं की त्यांना मान वर करवेना. शरीराच्या कुठल्या कामाला डावा हात असतो, हे आपल्याकडं मुलीला चालायला लागायच्या आत शिकवतात. या पोरींनी बोटांना काही लावलंच नव्हतं. बोटांनी लावलं होतं, जिथं खाज होती तिथं. जांघेत, कपड्याआड, जिथं ऊन कधी जात नाही. म्हणून तिथं काही झालं नाही, ना बरं ना वाईट. बुरशी तशीच राहिली आणि ज्या बोटांनी औषध पोचवलं ती उन्हात भाजली.

दुसऱ्या, उघड्या खिडकीच्या कट्ट्यावर सकाळचं ऊन पडलं होतं आणि उन्हात खोबरेल तेलाच्या बाटल्या रांगेनं मांडल्या होत्या. यात नवल नव्हतं. थंडीत खोबरेल थिजतं, प्रत्येक घरात ते असंच उन्हात पातळ करतात. चार बाटल्या मोठ्या, डोक्याच्या तेलाच्या. पाचवी लहान, बिनरंगी काचेची, चिठ्ठी नसलेली. तिच्यातलं तेल पिवळसर होतं. सौदामिनीबाईंनी बूच काढून वास घेतला. खोबऱ्याच्या वासाआड बावचीचा कडसर वास होता.

म्हणजे रोज सकाळी या पोरी खिडकीशी बसून ते तेल उन्हात वितळवत होत्या, बोटांवर ओतून घेत होत्या आणि लावून झालं की त्याच उन्हात पुस्तक घेऊन बसत होत्या. उजव्या हातानं लिहायचं, डाव्यानं वही धरायची.

"धुतराज ताईंनी दिलं?"

उर्वीनं इतक्या जोरात मान हलवली की तिची वेणी पुढं आली. ताईंनी उलट सांगितलं होतं, डॉक्टरीणबाईंकडं चला, मी येते सोबत. पण डॉक्टरकडं जायचं तर घरी कळवावं लागेल. घरी कळलं तर म्हणतील, लातूरला हे शिकलीस? मग परीक्षा नाही, काही नाही, सरळ देवणी.

"मग दिलं कोणी?"

बाहेर अंगणात राजश्री उमाबाईला रागावत होती, आणि तो आवाज जवळ आला तशी पोरगी भिंतीकडं सरकली. अगदी थोडी. सौदामिनीबाईंनी ते पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

५

त्या दुपारी त्यांनी पाचही जणींना आणि उर्वीला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. साधं मलम होतं, थोड्या दिवसांचं काम. परतताना रिक्षात उर्वी त्यांच्या शेजारी बसली होती. तिच्या वडिलांना कारण कळल्याशिवाय हे मिटणार नाही, असं त्यांनी तिला सांगितलं, आणि ती नको म्हणाली तर एक शब्दही बोलणार नाही, असंही. पोरीनं डावा हात ओढणीखाली घेतला.

"तुम्ही सांगा," ती शेवटी म्हणाली. "माझ्यानं नाही होणार. बाकीच्यांची नावं तेवढी नका घेऊ."

मग संध्याकाळपर्यंत सौदामिनीबाई एकट्या बसून होत्या, ज्या माणसाला वगळायचं त्याच्यापाशी हिशेब थांबू नये म्हणून तो उलटसुलट मांडत. बाटली नेणाऱ्याला कपाटाची किल्ली हाताशी होती. हा अर्क त्या बुरशीला मारतो हे त्याला ठाऊक होतं. आणि तो उजेडात जागा होतो हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण ठाऊक असणारा माणूस तो अर्क खोबरेलात कालवेलच कशाला? जे थंडीत थिजतं आणि रोज उन्हात ठेवावं लागतं, त्यात? बुद्धप्रियाला उजेडाचं ठाऊक होतं. अंबरीशला होतं. मारोतीला तर मानेनं शिकवलं होतं. मुलींकडं किल्ली नव्हती. अर्धंच ठाऊक असलेलं, किल्लीपाशी पोचणारं आणि ज्याचं नाव घ्यायला मुली घाबरतात असं माणूस एकच उरत होतं.

राजश्री देवघरात वाती वळत होती. सौदामिनीबाई शेजारी टेकल्या आणि ती लहान बाटली त्यांनी दोघींच्या मध्ये ठेवली.

राजश्रीनं नाकारलं नाही. उलट तिला वाटलं, अक्काला तरी कळेल. पोरींना खाज सुटली, दोघी-तिघी तर रडायला लागल्या. दवाखान्यात नेल्या असत्या तर गावभर झालं असतं की अमक्याच्या वसतिगृहातल्या पोरींना तसला रोग झालाय. मग कोण ठेवतंय मुली? अंबरीश रोज जेवताना सांगायचा, माझा अर्क बायकांच्या त्या बुरशीला ठार करतो, जगभर नाव होईल. डबा द्यायला गेली तेव्हा तो वर्गात होता, किल्ल्या टेबलावर. पोरी नाजूक, म्हणून नुसता नको, तेलात कालवून दिला. चांगलंच करायला गेले ना मी?

"उजेडाचं नाही सांगितलं त्यानं तुला?"

"कसल्या उजेडाचं?"

अंबरीश दारात येऊन उभा होता. सौदामिनीबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, तसा तो खाली बघायला लागला.

"ते हिला काय कळणार म्हणून नाही सांगितलं," तो म्हणाला. पोरीची बोटं पाहिली त्याच दिवशी त्यानं ओळखलं होतं. दुसऱ्या कोणाला नाही, तरी त्याला तर ओळखता येणारच होतं. आणि त्याच दिवशी प्राचार्यांनी किल्ली कोणाकोणाकडं असते असं विचारलं, तेव्हा त्यानं दोन नावं सांगून तोंड मिटलं होतं.

"बुद्धप्रियाचं काय?"

तिचं मी बघतो पुढं कुठंतरी, असं तो पुटपुटला. तिला सवय आहे सोसायची, एवढं बोलून त्याची जीभ अडखळली. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

राजश्रीनं अक्काचा हात धरला. लहानपणी अंधारात धरायची तसाच, मनगटापाशी. "अक्का, तू माझं नाव नाही ना घेणार?"

सौदामिनीबाईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हात मात्र सोडवून घेतला नाही. ज्या गप्प बसण्यासाठी त्या बुद्धप्रियाला दोन दिवस मनात दाद देत होत्या, तसंच आपणही गप्प आहोत असं स्वतःला सांगून पाहिलं. ते टिकलं नाही. बुद्धप्रिया दुसऱ्यांची लाज झाकायला गप्प होती.

६

सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. नरसिंगराव, अंबरीश आणि वसतिगृहाची चालक म्हणून राजश्री बसले. बुद्धप्रिया दारापाशी उभी राहिली, तिला बस म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. सौदामिनीबाई उठल्या आणि त्यांनी स्वतःची खुर्ची तिच्याकडं सरकवली. ती नको म्हणाली, मग बसली.

मार्तंडरावांनी तडजोड तयारच ठेवली होती. बुद्धप्रियानं माफी मागावी, नोंदणी स्वतःहून मागं घ्यावी, पोलिसांत कोणी जाऊ नये. परीक्षेचे दिवस आहेत, सगळ्यांच्याच अब्रूचा प्रश्न आहे.

"मी जे केलं नाही त्याची माफी मागणार नाही, सर," बुद्धप्रिया म्हणाली. "एवढंच सांगायचं होतं."

मग सौदामिनीबाई बोलल्या. आपल्याला ही सवय नाही, हे त्यांना बोलताना जाणवत होतं. वर्गात त्या हाच विषय फळ्यावर आकृती काढून शिकवत, तेव्हा शब्द सरळ येत. इथं समोर मुलीचे वडील होते. तरी त्यांनी एकही शब्द आडवळणानं घेतला नाही. ओले कपडे, टॉवेलाखाली, बंद खोलीत. जांघेतली खाज, जी कुणालाही होऊ शकते आणि जिचा चारित्र्याशी काडीचाही संबंध नाही. डाव्या हाताचं कारण. उन्हात ठेवलेलं खोबरेल. जिथं रोग होता तिथं उजेड नव्हता, आणि जिथं उजेड होता तिथं रोग नव्हता. किती मुली, कोणकोणत्या, हे त्यांनी सांगितलं नाही.

मार्तंडराव पेपरवेट फिरवत होते, ते थांबले. नरसिंगरावांचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू उतरला. जन्मभर मुली शिकवलेला माणूस टेबलाच्या कडेला नखानं ओरखडत राहिला.

"माझ्याजवळ बोलली नाही," ते म्हणाले. "आईजवळ तरी."

"बोलली असती तर तुम्ही तिला घरी नेलं असतं, असं तिला वाटलं."

त्यांनी ते खोडून काढलं नाही. बुद्धप्रियाकडं त्यांना बघवत नव्हतं, तरी त्यांनी बघितलं. उंदराबद्दल बोललो ते बोलायला नको होतं, एवढं ते कसंबसं म्हणाले. तिनं मान हलवली. माफ केलं असा त्याचा अर्थ होता की ऐकलं एवढाच, ते कळायला मार्ग नव्हता.

सौदामिनीबाईंनी पुढं सांगितलं, की ज्यानं तेल कालवलं त्याला उजेडाचं ठाऊक नव्हतं. धुतराजना ते सगळ्यात जास्त ठाऊक होतं. त्यामुळं त्यांच्यावरचा आरोप तिथंच संपतो.

मार्तंडरावांनी सुस्कारा सोडला. उत्तम झालं म्हणाले. मग चुकून घडलेला प्रकार असं लिहू, कोणाचं नाव घालायचं कारण नाही. अंबरीशनं घाईघाईनं मान डोलावली. राजश्री पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि अक्काकडं बघत होती, लहान मूल शाळेच्या फाटकातून बघतं तसं. नाव घातलं नाही तर काय होईल, हे सौदामिनीबाईंना दिसत होतं. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, लातुरात आणि नांदेडातही लोक म्हणत राहतील, ती धुतराजची पोरगी, बाटलीच्या भानगडीतली. कोणाचं नाव नाही म्हणजे तिचंच.

"पण मग दिलं कोणी?" नरसिंगरावांनी विचारलं.

बाहेर शिकवणीला निघालेल्या मुलांच्या सायकलींच्या घंटा वाजत गेल्या. सौदामिनीबाईंनी बहिणीकडं पाहिलं आणि नजर तिच्यावरून न काढता त्या बोलल्या.

"माझ्या बहिणीनं. राजश्रीनं. कपडे आत वाळवायचा नियमही तिचाच. आणि बोटं पाहिल्याबरोबर हे कशानं झालं ते अंबरीशना कळलं होतं, तरी त्यांनी धुतराजचं नाव पुढं जाऊ दिलं. मला दोन दिवसांपासून ठाऊक आहे आणि दोन दिवस मी गप्प बसले. माझ्या अहवालात ही दोन्ही नावं येतील, आणि मी गप्प बसले तेही येईल."